दांडा आणि झुला

तालकाउआनोच्या व्यायामशाळेत माझे दोन दांडे होते,
एक खाली, एक वर,
जमिनीत बोल्ट ठोकलेले, तारांनी ताणलेले.
तळव्यांना पांढरी भुकटी चोळून
मी नऊ वर्षं त्यांच्याभोवती फिरले.
कुठूनही सुटावं, दांडा जागेवर.
मग मी उंच झाले.
वरच्या दांड्यावरून झोका घेताना
पाय खालच्याला आपटू लागले.
प्रशिक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं
आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

चियानच्या माळावर सर्कस उतरली होती.
नोल्बेर्तो तिथला झेलणारा, एकसष्ट वर्षांचा,
गुडघ्यांवर उलटा लटकून निम्मं आयुष्य काढलेला.
पहिल्याच दिवशी खालून ओरडला,
"यास्ना, अगं, गळा काय आवळतेस त्याचा?"

संध्याकाळी कांदा चिरत म्हणाला,
"दांड्यावर मध्य तुझ्या मुठीत असतो.
इथे तो वर, दोर बांधलाय तिथे.
तुझी मूठ म्हणजे शेपटाचं टोक."
डोळे पुसले. कांद्यानेच.
"आणि दांडा वाट बघतो.
झुला रिकामा जातो, रिकामा येतो.
तू वळशील तेव्हा तो कुठे असेल
हे विचारायचं नसतं.
मोजायचं असतं."
मग जीभ टाळूला लावून: टक्. टक्.

गुडघ्यांमागची कातडी सोलून निघाली,
बोटांच्या मुळाशी आलेले जुने घट्टे काही उपयोगाचे नव्हते.
शिकले ते एवढंच:
वर, अगदी टोकाला, झुला क्षणभर काहीच करत नाही.
तेव्हा सोडायचं.
पुढे नोल्बेर्तोची मनगटं,
चामड्यासारखी, कांद्याच्या वासाची.

एका दुपारी तालमीत
झुला बाजूला सरकला.
पुढे नाही, मागे नाही, बाजूला.
खाली खांब कण्हले, बाकं खडखडली,
किटली कलंडली, कुत्री एकदम गप्प.
पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात.
माझ्या पायांखाली आधीच काही नव्हतं.
"उतरू नकोस!" नोल्बेर्तो जमिनीवर ओणवा, दोन्ही तळवे टेकून.
मी बसून राहिले.
झुला जमिनीचं ऐकत होता, मी झुल्याचं.
किती वेळ, ते मोजायचं राहिलं.

आठवड्याने व्यायामशाळेत गेले.
छताचा पत्रा आत आलेला, एक खांब झुकलेला,
दोन बोल्ट दातांसारखे उपटून वर.
वरचा दांडा तिरका, पण होता.
त्यावर कुणा पोरीच्या भुकटीची बोटं उठलेली.
धरून पाहिला. तोच गारवा.
कीव आली की राग, अजून ठरलेलं नाही.

निघताना सवयीने
त्याला हलकेच ढकललं,
आणि दारापर्यंत मोजत गेले.