एकशे सत्तर व्होल्ट

तेलंगबाई हीटर घेऊन परत आल्या
दुकान उघडायच्या आधीच.
शटर अर्धं वर, मी अर्धा आत,
आणि धुक्यातून आवाज:
“वर लिहिलंय हजार वॅट.
ऊब येते पाचशेची.
उरलेली कुठंय?”

एजी ऑफिसात एकतीस वर्षं
त्यांनी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
लाल पेन्सिल अजून पर्समध्ये असते.

मी मीटरच्या दोन टोकांत कॉइल धरली.
एक्कावन्न ओहम.
गार असताना तार थोडं कमीच सांगते,
म्हटलं, तापली की खरं बोलेल.
“मग तापल्यावर विचारा तिला.
माझ्या घरी. संध्याकाळी सात.”

जनकगंजातली गल्ली.
गजकवाल्याचा बल्ब नुसती वात झालेला.
किल्ला सकाळपासून दिसला नव्हता,
आता तर कुणी तिकडे बघतही नव्हतं.
दुसरा मजला, एक खोली, एक खुर्ची,
तेलंगबाईंच्या पायांत एकावर एक
तीन मोजे, तिन्ही वेगळे,
आणि समोर हीटर:
लाल नाही, विटकरी,
उतरत आलेल्या मेंदीसारखा.

प्लगात मीटर: एकशे सत्तर.
वायरीभोवती चिमटा: तीन पूर्णांक एकवीस.

मी कॅल्क्युलेटर काढला. त्यांनी हात आडवा धरला.
बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला,
पाढा ओठांत, शून्यं एकेक ओढून आणत,
उत्तराखाली दोन रेघा.
बावन्न पूर्णांक शहाण्णव.
“आणि कंपनीचा?”
दोनशे तीसचा वर्ग, भागिले हजार.
बावन्न पूर्णांक नव्वद.
“सहा शतांश कुठे गेले?”
मीटर शेवटचा आकडा गोल करतो, मी म्हटलं.
समासात लिहिलं गेलं: खुलासा मान्य.

म्हणजे तार प्रामाणिक होती.
नेमून दिला होता तेवढाच अडथळा
ती भर थंडीत करत बसली होती.

मग गुणाकार.
एकशे सत्तर गुणिले तीन पूर्णांक एकवीस:
पाचशे पंचेचाळीस, वर थोडं.
पेन्सिल थांबली.
“दाब उतरला चौथाईने,
ऊब जवळजवळ निम्म्याने कशी?”

दाब उतरला की प्रवाहही उतरतो,
आणि ऊब राहते दोघांच्या गुणाकारात.
लांबी कापली, रुंदीही कापली,
कापड किती उरणार, मी म्हटलं.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
अख्खं लष्कर आपापल्या हीटरपुढे
एकच दुलई आपल्याकडे ओढत होतं.

“म्हणजे मी बरोबर होते.”
हो.
“आणि तुमची कॉइलही.”
हे मात्र त्यांनी लिहिलं नाही.

चहा गॅसवरचा, जीभ पोळेल असा.
उठताना विचारलं,
“पूर्ण दाब येतो तरी कधी?”
लोक झोपले की. दोननंतर कधीतरी.
दुसऱ्या दिवशी प्लगात लावायचा मीटर
घेऊन गेल्या माझ्याकडून,
पक्की पावती मागून.

मार्चात बटण बदलायला गेलो.
हीटर पलंगाखाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात.
कॅलेंडरवर एकादशी, चतुर्थी, दूध अर्धा लिटर,
आणि त्यांच्या मधून वाट काढत
लाल पेन्सिलीत सगळा हिवाळा:
रात्री दोन, २२८.
रात्री अडीच, २३१.
एका चौकटीत नुसतं: लाइट नाही.
“दुपारी झोपून घेत होते,” त्या म्हणाल्या,
स्क्रू माझ्या हातात देत.

जानेवारीची वीस तारीख
मी स्टुलावर चढून वाचली.
पहाटे तीन. २३६.
मोजे काढले.