डावा हात

वैशाखातल्या अकरा लग्नांचे मांडे माझ्या नावावर होते.
तीन पारोळ्याचे, दोन बहादरपूरचे,
बाकी इथलेच, अमळनेरातले,
बोरीच्या अलीकडचे, पलीकडचे.
पत्र्याच्या डब्यात इसाराच्या नोटा,
एकेका घराच्या नोटांना एकेक रबर, आत चिठ्ठी.
नवं खापर कुंभारवाड्यातून आणून
तेल पाजून पालथं घातलेलं.

पडले ती मोरीत नाही, जिन्यातही नाही.
तुझ्या कोनाड्यापुढे पडले, कानबाई.
दिवा लावून वळले
आणि पायाखाली तुझ्याच दिव्याचं तेल.

डॉक्टरांनी फोटो उजेडापुढे धरला.
म्हणाले, मनगट आहे, वयही आहे, सहा आठवडे.
मी विचारलं, आणि मांडे?
त्यांना वाटलं, बाईला भूक लागली.

मनात मांडे खाऊ नयेत म्हणतात.
मी खाल्ले नाहीत, केले.
रात्री पडल्या पडल्या
वस्त्रगाळ पीठ भिजवायचे, आपटायचे, तार येईपर्यंत,
पुरण भरून दोन्ही हातांवर घ्यायचे,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
कोपरापर्यंत ताणत न्यायचे
आणि खापरावर टाकायच्या आधी
प्लास्टर उशीवर आपटून जागी व्हायचे.

इसार परत करायला भिकनचे बाबा न्यायचे मोटरसायकलवर.
दहा घरांनी घेतला. कुणी मोजून, कुणी न मोजता.
बहादरपूरच्या केवळबाईंनी नोटांकडे पाहिलंच नाही.
म्हणाल्या, 'ऱ्हाऊ दे वं कौतिकबाई,
नातूना जाऊळले ये मांडा कराले.'
लग्न अजून आठ दिवसांवर.
सून अजून उंबऱ्यात नाही,
आणि ह्या नातवाच्या जावळाचं बोलतात.
वाटभर मला हसू येत होतं.
घराजवळ आल्यावर हसू थांबलं
आणि मी बराच वेळ गप्प राहिले.

प्लास्टर निघालं, हाड वाकडं बसलेलं.
तळवा आता आभाळाकडे वळत नाही,
भिंतीकडे बघत अर्ध्यात थांबतो.
मांड्याला दोन्ही तळवे वर लागतात, माय,
हे तुला मी सांगायचं?

त्या दिवशी दिवा लावला नाही.
दुसऱ्या दिवशी लावला, पण बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.
तू ऐकून घेतलंस.
तुझ्या नारळावरचे चांदीचे डोळे
होते तसेच उघडे राहिले.

शेजारची चित्रा खापराशी बसते आता.
मी पाटावरून सांगते, तिचा मांडा फाटतो.
'आते काय करानं, काकू?'
गोळा कर, परत मळ.
पिठावर रागवून पीठ मऊ होत नाही.
पाचातले तीन फाटतात अजून.
तिचा हात माझ्यासारखा होईल
असं मी म्हणत नाही. तिलाही म्हणत नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी तू आलीस.
सव्वाच्या मापाचे गहू भिकनच्या बाबांनी निवडले,
चष्मा कपाळावर ठेवून, म्हणून खडे राहिलेच.
जन्मात पिठाला हात न लावलेला माणूस
परातीपुढे मांडी घालून कणीक मळत होता,
आणि दोन वर्षं न बोललेले धाकटे दीर
बाजूला उभं राहून पाणी कमी, पाणी जास्त करत होते.
म्हणून माझं मनगट मोडलं का?
नाही. एवढ्यासाठी हाड मोडायची गरज नव्हती,
तू त्यांना नुसता फोन करायला लावला असतास तरी चाललं असतं.
कशासाठी, ते तू सांगितलं नाहीस.
मीही आता रोज विचारत नाही.
एवढंच की, तू चांगली की वाईट
हे मी या हाताला विचारून ठरवत नाही.
त्याला काय, त्याला थंडी पडली तरी दुखतं.

सोमवारी बोरीवर तुला पोचवून आलो.
जाऊबाईंनी रोट पुढे केला, जाड, जरा करपलेला.
मी उजवा हात पुढे केला,
त्याच्या खाली डावा,
वळतो तेवढा.