माणशी शंभर वॉट

ग्लेस बे, नोव्हा स्कॉशिया. मार्च सरत आला
तरी बंदरात बर्फाच्या लाद्या एकमेकींना ढुशा देतायत.
तेलाच्या टाकीला तळाशी गंज धरलाय
आणि विमेवाले म्हणतात, टाकी बदला, नाहीतर पॉलिसी विसरा.

पहिला आला तो बूट न काढता बसला.
घर पाहिलंच नाही. खिडकीतून एक नजर टाकून म्हणाला,
'तीन टन. डोळे मिटून घ्या.'
मी उघडे ठेवले.

दुसऱ्याकडे सबसिडीचा फॉर्म, हप्त्यांचा तक्ता,
दहा वर्षांची गॅरंटी, आणि खाली चिमुकल्या अक्षरांत
त्या गॅरंटीतून निसटायच्या सगळ्या वाटा.

तिसरी थिया गुथ्रो. पंचविशीची असेल.
आधी माळ्यावर चढली, केसांत जळमटं घेऊन उतरली.
कुठल्या भिंतीत भुसा, कुठल्या भिंतीत नुसतीच जुनी वर्तमानपत्रं,
कुठल्या दाराच्या फटीत वारा शीळ घालतो,
सगळं वहीत टिपलं. मग म्हणाली,
उणे वीसच्या हवेतही ऊब असते,
हीट पंप ती गोळा करून आत आणतो.

मला हसू फुटलं.
माझा बाप, माझा सासरा, माझा मर्डॉक,
समुद्राच्या पोटाखाली मैल मैल सरपटत गेले
ऊब खणून आणायला.
आणि ती इथे परसात वाऱ्यावर पडली होती म्हणे!

'घरात राहतात किती जण?'
दोघं, म्हणाले मी. मग म्हणाले, एक.
तिने पेन्सिल खाली ठेवली नाही, तेच बरं झालं.
'उन्हाळ्यासाठी विचारते. माणूस बसल्या बसल्या
शंभर वॉट उष्णता सोडतो. यंत्राला ती उपसावी लागते.'
आणि हिवाळ्यात?
'हिवाळ्यात माणसं धरत नाही आम्ही. ती वरकमाई.'

वरकमाई.
एक्केचाळीस हिवाळे माझ्या पाठीला पाठ लावून
शंभर वॉट जळत होते,
खोकत, घोरत, पांघरूण ओढून घेत,
आणि मी तेलवाल्याचं बिल भरताना समजत होते
की घर त्याच्यामुळे गरम आहे.

थियाचा आकडा दोघांपेक्षा बाराशे डॉलरनी जास्त.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठाऊक आहे मला.
पण हल्ली अंथरुणात जागाच जागा आहे.
सही केली.

आता मागच्या भिंतीवर पांढरी पेटी गुणगुणत असते.
ऑगस्टमध्ये अंगाला चिकटणारा उकाडा झाला,
तेव्हा तिने खोली इतकी गार केली
की मीच उठून मर्डॉकचा लोकरी स्वेटर शोधला.
कोपरावर उसवलाय. शिवायचा राहिलाय.

थियाचा फोन येतो: 'सगळं ठीक ना?'
मी सांगते, ठीकच. फक्त पहाटे पहाटे
पलंगाच्या डाव्या बाजूला थोडं कमी पडतं.
'सेटिंग बघून जाते,' म्हणते.
बघू दे. चहा तरी होईल.