व्यपगत

विधान भवनाच्या प्रश्न शाखेत
माझ्या टेबलावर एक लाल पेन आहे, सरकारी,
टोपण हरवलेलं.
आज त्याने एक रेघ मारायची आहे.

तारांकित प्रश्न क्रमांक एक्केचाळीस हजार सातशे अडतीस.
श्री. सुदाम नाखवा :
घोडपदेव येथील संक्रमण शिबिरात
तीन वर्षांसाठी नेलेली एकशे बारा कुटुंबे
सव्विसाव्या वर्षीही तेथेच आहेत, हे खरे आहे काय?
असल्यास, त्यांच्या मूळ जागेवर कोणाचे मनोरे उभे राहिले?
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

काल संध्याकाळी राजभवनावर
त्याच नाखवांनी शपथ घेतली.
शाखेत टीव्हीचा आवाज बारीक ठेवून आम्ही पाहिलं.
पहिली शपथ पदाची. ती सगळेच खणखणीत वाचतात.
दुसरी गोपनीयतेची :
जी बाब माझ्यापुढे येईल ती
प्रत्यक्षपणे किंवा अप्रत्यक्षपणे
कोणालाही कळवणार नाही.

अकरा वर्षं हा माणूस फक्त कळवतच होता.

तिथे आवाज जरा घोगरा झाला,
किंवा माइक खराब असेल.

खातं रात्री दहाला कळलं.
गृहनिर्माण.

घाडीगावकर शिपाई, निवृत्तीला चार महिने,
चहाचा ग्लास ठेवत म्हणाले,
ताई, भुंकणाऱ्याला हल्ली कोणी दगड मारत नाही,
बंगल्याची राखण देतात.
मी म्हटलं, असं नका बोलू.
माझ्या चुकीचं खापर त्यांनी एकदा
भर सभागृहात स्वतःवर घेतलं होतं.
घाडीगावकर फडकं झटकत राहिले. मग म्हणाले,
भला माणूस, म्हणून तर भाव आला.

कर्णिक साहेबांना माणसं दिसत नाहीत, बेरजा दिसतात.
दोनशे अठ्ठ्याऐंशीचा दहावा हिस्सा, एकोणतीस.
विरोधकांचा मोठा पक्ष अगदी काठावर, एकोणतीस.
एकाने राजीनामा दिला. अठ्ठावीस.
विरोधी पक्षनेत्याचं दालन, गाडी, आधी बोलायचा मान,
एका सहीत आवरलं सगळं.
प्रश्नही गेला, प्रश्न विचारणारं बाकही.
"स्वस्तात पडलं," ते म्हणाले,
मंडईतून आल्यासारखे.

मला आठवत राहिला तो चष्मेवाला सचिव,
यादी छापून झाली की पहिली प्रत न्यायला येणारा.
वाटायचं, उत्तरं तयार करायला नेत असेल.
तो प्रश्न वाचतच नव्हता.
नावं वाचत होता.
कोणाला किती ठाऊक आहे,
कोणाच्या शब्दाला धार,
कोणाच्या मुलीचं लग्न तोंडावर.

नियम साधा आहे :
सदस्य सदस्य राहिला नाही की त्याचा प्रश्न व्यपगत होतो.
मेला असं आम्ही लिहीत नाही.
जोडलेले कागद संबंधित विभागाकडे,
म्हणजे त्यांच्याचकडे.

साडेअकराला फोन आला.
मंदाकिनी आरोलकर, संक्रमण शिबिर, खोली साठ.
जोडलेली यादी यांच्याच अक्षरातली,
मुलाच्या चौकटीच्या वहीत एकशे बारा नावं,
एकोणिसांपुढे बारीक फुली.
फुलीचा अर्थ मी कधी विचारला नव्हता.
"बाई, टीव्हीवर बघितलं! पेढे वाटले आम्ही.
आता आपलाच माणूस खुर्चीत.
आता विचारायची गरजच नाही, नाही का?"

मी म्हटलं, त्या वहीची दुसरी प्रत आहे तुमच्याकडे?
"कशाला?"
म्हटलं, असू द्यावी.

पलीकडे थोडा वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहिल्या.
मग त्या म्हणाल्या, "बरं,"
आणि त्या 'बरं'मध्ये पेढ्याची चव नव्हती.

रेघ मारली. उमटलीच नाही,
कागदावर नुसता चर पडला.
कर्णिक साहेबांनी मान वर न करता खण ओढला :
"दुसरं घ्या. पेनं भरपूर आलीत यंदा."