गाळणकागद

सहाला शिडी चढते.
शाळेच्या गच्चीवर पत्र्याची खोपटी, आत मोटर,
रात्रभर घरघरून कढत झालेली.
झाकण उघडून कागद काढते.
काल पांढरा होता. आज
तव्यावर विसरलेल्या घावनासारखा.

आठ तासांत एकशेचार मिलिग्रॅम.
वेंगुर्ल्याच्या या टोकाची हवा एवढी वजनदार,
हे तराजूशिवाय कुणाला पटत नाही.
त्यात मीठ आहे, खाडीपलीकडच्या राबाची राख,
ट्रॉलरचं डिझेल, उशिरा आलेल्या मोहोराचे पराग,
आणि काजूच्या टरफलाचा तो चिकट, डोळे चुरचुरवणारा धूर,
जो कागदाला तेलकट कडा देतो.

वायू कागदात अडकत नाही.
त्याला बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे काढत न्यायचं,
बाटली बर्फात ठेवायची, मग रसायन टाकून वाट बघायची.
गंधक असला तर पाणी हळूहळू गुलाबी होतं.
पहिल्यांदा मी म्हटलं होतं, काय सुंदर!
सर म्हणाले, रंग जितका देखणा
तितकी हवा नासलेली.
गुलाबी साडी घेताना अजून माझा हात अडखळतो.

नत्र आणि प्राणवायू जन्मभर शेजारी राहतात,
एकमेकांच्या अंगणात पाऊल न टाकता.
इंजिनात, भट्टीत, जिथे आग पांढरी होते तिथेच
त्यांचं जुळतं.
मग ते दुपारच्या उन्हात बाहेर पडले
की ओझोन होतो, आभाळातला नव्हे, जमिनीलगतचा,
कलमांच्या पानांवर बारीक ठिपके काढणारा.

शाळेत पाठ केलं होतं: दिवसा खारे वारे, रात्री मतलई.
त्या धड्यात धूर नव्हता.
तो दिवसा घाटाच्या पायथ्याशी जातो,
रात्री परत येतो, जरा शिळा होऊन.
आणि थंडीतल्या पहाटे वरची हवा उबदार, खालची गार,
म्हणजे भांड्यावर झाकण.
भांड्यात आम्ही.

द्रौपदी मेस्त्री कारखान्यात काजू फोडते.
तेलाने बोटांची टोकं जळून गुळगुळीत;
रेशनच्या यंत्राला ती ओळखूच येत नाही.
गेल्या वर्षी भाजायचा ड्रम गेला, वाफेची टाकी आली.
टरफलं घाण्यात पिळतात, चोथा बॉयलरला जातो,
धुराड्यात चुन्याच्या पाण्याचा फवारा.
चुना शिंपल्यांचा, खाडीकाठच्या भट्टीतला
(त्या भट्टीचाही धूर आहेच, आणि समुद्राने
शिंपल्यात कोंडून ठेवलेला कार्बन आपण सोडवतो तो वेगळा.
हा हिशेब मी समासात लिहिते.)
चुना गंधकाला धरतो. तळाशी मऊ, पांढरा गाळ.

दिवसाचा कागद उजळला. रात्रीचा नाही.
दहा ते सहा: सत्त्याण्णव, एकशेदोन, एकशेचार.
मी यंत्र तपासलं, गळती शोधली, तराजूवर संशय घेतला.
शेवटी द्रौपदीच कुंपणाशी थांबून म्हणाली,
“रात्री पंप बंद असता गे बाय. विजेचा बिल येता ना.”

शेटना मी काही बोलले नाही.
अकरा रात्रींचे अकरा कागद टेबलावर ओळीने मांडले.
बराच वेळ बघून ते म्हणाले,
यातला माझा किती?

प्रश्न खरा होता. पुरतं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
“तेलकट कडा तुमची,” एवढंच म्हटलं.

पंपाला आता वेगळा मीटर आहे.
परवा रात्रीचा आकडा त्रेसष्ट.
हे त्रेसष्ट कुणाचे? मीठ, राब, रस्ता,
माझी स्कूटर.

द्रौपदीने पत्र्यावर आमसुलं वाळत घातलीत.
दरवर्षी जुन्या लुगड्याखाली पुरती झाकायची.
यंदा अर्धी उघडी, अर्धी झाकलेली.
“बघूया,” म्हणाली.

माझ्या वहीत असा रकाना नाही.