दहा मिनिटांचा थांबा

पस्तीस वर्षं परभणी डेपोत.
पाणी न पिण्याची विद्या अण्णा तिथंच शिकले.
चव्वेचाळीस सीटा, उभे वेगळे,
आणि ड्रायव्हरला लागली म्हणून
गाडी मधेच थांबवायची नसते.
सकाळी चूळ भरून निघायचं,
लातूर येईतो जीभ टाळूला टेकवून ठेवायची.

रिटायर झाल्यावरही तेच.
उशाशी तांब्या, वर फुलपात्र पालथं,
सकाळी जागचं हललेलं नसायचं.
"उगं रातचं उठावं लागतं.
मोरीचा उंबरा लई उंच.
आन् मला तहानच लागत न्हाई, त्याला काय करू?"
यावर मी काही बोलले नाही.
नववी ‘ब’चे पेपर तपासायचे होते.

मेमधल्या एका दुपारी
ते खाटेवर ताठ बसले
आणि डाव्या हातानं हवेत गिअर टाकला.
"पोखर्णी. पोखर्णीवाले उतरा."
मी हसले.
खरंच हसले, हे लिहून ठेवते.
"गंगाखेडचा पूल आला. गंगंचं पाणी कुठं गेलं?
हबीब, डबल बेल मार की रे."
हबीबचाचा त्यांचे कंडक्टर.
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
खोलीत मी एकटीच होते.

सरकारी दवाखान्यात सिस्टरनं
त्यांच्या छातीवरची कातडी चिमटीत धरली, सोडली.
ती खाली बसेचना,
इस्त्री विसरलेल्या सदऱ्याची चुणी जशी.
"लघवीचा रंग?" कोऱ्या चहासारखा.
"कधीपासून?"
ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी रोज मोजून देत होते.
हे मोजलं नव्हतं.

डॉक्टर पोरसवदा, घाईत.
"तहान लागायची वाट बघत बसू नका, मॅडम.
या वयात ती लागतच नाही वेळेवर.
आधी डोकं भरकटतं, मग किडनी."
वेळेवर न येणाऱ्या गाडीसाठी
माझा बाप फलाटावर उभा राहून वाळत होता,
आणि चौकशी खिडकीत मीच बसलेली.

तिसऱ्या बाटलीला डोळे उघडले.
"कोणतं स्टँड हे?"
"परभणी."
"म्हंजे निघालोच न्हाई आपण."

आता फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलंय.
सात दहा, पोखर्णी: एक फुलपात्र.
साडेआठ, गंगाखेड: ताक, मीठ घालून.
परळी, अंबाजोगाई, रेणापूर.
संध्याकाळी सहाला लातूर; पुढं घोट-घोटच,
रात्रीच्या उंबऱ्यासाठी.
माझं ऐकत नाहीत,
वेळापत्रकाचं ऐकतात.
परवा ताकाला पाच मिनिटं उशीर झाला
तर मला मेमो द्यायची भाषा.

अजून कधीकधी हबीब म्हणतात.
चुकून की गमतीनं, विचारत नाही.
तोंडाकडे बघते, ओठांकडे बघते,
आणि फुलपात्रावर चमचा
दोनदा वाजवते.