तीन टिंबं

जुनं मशीन मे महिन्यात वाळलं.
सत्तेचाळीस डिग्रीत शाई आतल्या आत चिकटली
आणि प्रत्येक पानावर एक पांढरी रेघ येऊ लागली,
नेमकी शिरोरेषेच्या वरून, कोणी मापून मारल्यासारखी.
रेघेखालचं सगळं शाबूत.
वरचं टिंब तेवढं गायब.

इंदुबाई पिंपळशेंडे
झाली इदुबाई पिपळशेडे
आणि तहसीलच्या खिडकीवरून परत आली.
"हे कोन व्हय?" बाबूनं विचारलं म्हणे.
"मीच नं जी."
"कागदावर तं दुसरीच हाये."
दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, भांडायला नाही,
दोन काकड्या घेऊन. ते मला जास्त लागलं.

मग मी काळ्या पेनानं टिंबं द्यायला लागले.
दिवसाला दीडशे-दोनशे.
बाबू म्हणाला, हाताचं चालत नाही.

पोळ्याच्या आधी भिशी लागली, अठरा हजार.
चंद्रपूरला गेले. सोबत अनंता, माझा दीर,
त्याचं मत कोरपन्याहूनच ठरलेलं: रंगीत.
"वहिनी, बड्डेचे ब्यानर, पासपोर्ट फोटो,
कसं चकाचक निंगन पाय!"

दुकानातल्या पोरानं तीन मशीनं मांडली.
पहिलं स्वस्त, पण त्याची काडतुसं अशी
की म्हशीपेक्षा ढेप महाग.
दुसरं टाकीचं, चार बाटल्या, चार रंग,
पान पडतं बारा पैशाला.
"फक्त रोज चालवत राहा, ताई,
नाहीतर शाई..."
"वाळते," मी म्हटलं. "माहीत आहे."
तिसरं लेझर. एकटं काळं. भुकटीवर चालणारं.
त्याला वाळायची भीती नाही,
ते जन्मालाच कोरडं आलेलं.
पण इन्व्हर्टरवर चालायचं नाही,
म्हणजे लाइन गेली की मीही गेले.
"आणि बिघडलं तर?"
"माणूस येतो नं."
"कोरपन्याला?"
पोरगा बिलबुक शोधायला लागला.

त्यानं नमुन्याला पोपट काढून दाखवला, टाकीच्या मशीनवर.
अनंता पोपटाकडे बघतच राहिला.
मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.
आत एकच पान, सगळ्यात बारीक अक्षरात:
वांढरे, पेंदोर, सिंधू, कांता,
अंतरगाव, नांदा, गडचांदूर,
आणि शेवटी इंदुबाई.
"हे काय आहे?" पोरानं विचारलं.
"माझा पोपट," मी म्हटलं.

तिन्ही पानं दारात उन्हात नेऊन पाहिली.
टाकीवाल्याची टिंबं जराशी पसरलेली,
ओल्या फडक्यावर पडल्यागत.
लेझरची टाचणीनं टोचल्यासारखी.
फोटोवाले गिऱ्हाईक आता नौशादच्या दुकानात जाईल,
जाऊ दे. त्याच्याही घरी चूल आहे.

परतीच्या एसटीत खोकं माझ्या मांडीवर.
कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं,
खोक्याचं पूर्ण.
अनंता खिडकीबाहेर बघत, बोलत नाही.
राजुऱ्याच्या पुढे म्हणाला,
"लगनपत्रिका तं काळ्यातही होतेत म्हना."

संध्याकाळी इंदुबाई आली.
मशीननं एक दम घेतला, ट्यूबलाइट लवली,
सिमेंटची धूळ पुसलेल्या टेबलावर
पान येऊन पडलं, गरम.
तिनं ते आधी गालाला लावून पाहिलं.
मग मी बोट ठेवून मोजलं तिच्यासमोर:
इं, एक. पिं, दोन. शें, तीन.
आणि ळ वर चौथं.

पोटात गोळा आला.
साडेसतरा हजार,
आणि हे आता जास्तीचं देतंय.

"राहू दे वं बाई," इंदुबाई म्हणाली,
"मांगचे देनं बाकीच होते त्याच्याकडे."

मी चष्मा चढवला, वाकले.
चौथं टिंब जरा थांबलं,
ळ वरून उतरलं,
शेंडेच्या मात्रेवर चढलं
आणि ट्यूबलाइटकडे उडून गेलं.